‘जरा थांबा, हलू नका’ : कनू गांधींचा कॅमेरा आणि फिल्मकडे परतलेले आपण



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी प्राध्यापक नाही. पोटापाण्याला फोटो काढतो. लग्नं, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं, मधूनमधून बियाण्याच्या कंपनीसाठी कपाशीचे फोटो. गेल्या लगीनसराईत एकाच लग्नात दोन दिवसांत चार हजारांवर क्लिक झाले. अल्बममध्ये गेले दीडशे. उरलेले एका हार्ड डिस्कवर आहेत आणि ते पुन्हा कोणी उघडून बघेल असं मला तरी वाटत नाही, नवरानवरीसुद्धा नाही. (हशा)

तर हा धंदा झाला. पण गेली सहा वर्षं मी स्वतःसाठी जे फोटो काढतो ते फिल्मवर काढतो. कृष्णधवल, १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. मी एकटा नाही. नागपूरला, पुण्याला, मुंबईला माझ्यासारखे बरेच आहेत. कामाला डिजिटल आणि मनाला फिल्म, असा आमचा दुहेरी संसार असतो. का, असं विचारलं की आम्ही सगळे साधारण एकच उत्तर देतो. फिल्म आपल्याला थांबायला लावते, विचार करायला लावते, बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बोट आवरतं. हे उत्तर मी स्वतः इतक्या वेळा दिलंय की मला त्याचा संशय येऊ लागला. आजचं बोलणं त्या संशयाबद्दल आहे.

आता वर्ध्यात बसून हा विषय काढायचा तर एक माप आपल्याला इथून आठ किलोमीटरवर मिळतं. सेवाग्रामला. कनू गांधी.

नावाचा एक घोटाळा आधी निस्तरू. जुहूच्या वाळूत गांधीजींच्या काठीचं पुढचं टोक धरून चालणारा पोरगा सगळ्यांनी पाहिलाय. तो कनू वेगळा, तो रामदास गांधींचा मुलगा. आपले कनू म्हणजे नारणदास गांधींचे चिरंजीव, जन्म १९१७ चा. नात्याने गांधीजींचे चुलतनातू. एक कनू फोटोत आहे आणि दुसरा कॅमेऱ्यामागे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

हे कनूभाई आश्रमात बापूंच्या पत्रव्यवहाराचं, हिशेबाचं काम करत. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांच्यामुळे त्यांना फोटोग्राफीची ओढ लागली. कॅमेरा हवा म्हणाले. बापू म्हणाले, पैसे नाहीत. पुढे घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून एक रोलिफ्लेक्स आणि फिल्म आली. (स्वदेशीच्या राजधानीत जर्मन कॅमेरा. असो. घड्याळही बाहेरचंच होतं.) गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. कोणाला पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम या नादासाठी पैसा देणार नाही.

या तीन अटींवर विशीतल्या या माणसाने गांधीजींच्या आयुष्यातली शेवटची दहा वर्षं टिपली. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत नव्हता, नौखालीत होता. फोटोंचं नीट संपादित पुस्तक यायला मात्र २०१५ उजाडलं. नजर फाउंडेशनने ते काढलं, प्रशांत पंजियार आणि संजीव सेठ यांनी. कनूभाई तोवर जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती.

आता कोणी म्हणेल, या माणसाचा आणि तुमच्या फिल्मप्रेमाचा काय संबंध? तो कुठून परतला नव्हता. त्याच्यापुढे फिल्मशिवाय दुसरं होतंच काय? बरोबर आहे. व्यावसायिक म्हणावा असाही तो नव्हता. पण आम्ही म्हणतो ना, की आम्हाला बंधन हवं म्हणून आम्ही फिल्मकडे जातो? मग ज्याने खरोखर बंधनात काम केलं त्याच्या शेजारी आमचं काम ठेवून बघायला काय हरकत आहे.

रोलिफ्लेक्स कसा चालतो ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समोर दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फिल्मवर चित्र पडतं. डोळ्याला लावायचा हा कॅमेरा नाही. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. म्हणजे फोटो काढणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्याने झाकलं जात नाही, आणि तो समोरच्यावर रोखून बघतही नाही. दुरून पाहिलं तर हा माणूस काहीतरी वाचतोय असं वाटावं. शटरचा आवाज अगदी बारीक. ज्या जागी सगळे जमिनीवर बसतात तिथे आपणही जमिनीवर बसून मांडीजवळ कॅमेरा धरला की भिंग आपोआप बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला येतं. वरून खाली बघणं टळतं.

पण त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस उजवीकडे चालला तर काचेत डावीकडे सरकतो. हात सवयीने चुकीच्या बाजूला वळतो. मी सहा वर्षांनंतरही चुकतो. आणि गांधीजी चालायचे किती भराभर हे आपल्याला माहीत आहे. त्यांना ‘बापू, जरा थांबा’ म्हणायची सोय नाही, कारण दुसरी अट.

उजेडाचंही तेच. बापूकुटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मातीच्या भिंती, उतरतं छप्पर. एकदा संध्याकाळच्या आधी दाराशी उभं राहून मी लाइट मीटर धरला. १०० च्या फिल्मला, भिंग पूर्ण उघडं ठेवून, सेकंदाचा आठवा भाग लागत होता. इतक्या वेळात हात हलतो, समोरच्याचा श्वाससुद्धा फोटोत येतो. कनूभाईंच्या काळातली फिल्म याहून वेगवान असण्याची शक्यता कमीच. आणि फ्लॅश नाही, ही पहिली अट.

याचा परिणाम फोटोंत दिसतो. हललेले फोटो आहेत. पुढे कोणाचं डोकं आलंय, कडेला कोणाचा खांदा कापला गेलाय, अर्धी चौकट नुसता अंधार आहे. १९४० चा एक फोटो बघा. गांधीजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. जगाने ज्याच्याकडे बघायचं तो माणूस स्वतःच कशाततरी बघतोय, आणि त्याचे डोळे आपल्याला दिसतच नाहीत. स्टुडिओतला कुठलाही फोटोग्राफर म्हणाला असता, बापू, मान जरा वर. दुसरा त्याच सुमाराचा, परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करतानाचा. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी, आश्रमात त्यांना वेगळी कुटी होती, ती अजून आहे. त्या फोटोत कॅमेऱ्याला कोणी विचारतच नाही. चालू कामाच्या कडेला कोणीतरी बसून आहे, इतकंच.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. सुटा एकेक फोटो घेतला तर कनूभाईंचे कितीतरी फोटो सामान्य आहेत. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्याला काढलेला चरख्यामागचा गांधी आठवा. (तो सेवाग्रामचा आहे असं आपल्याकडे बरेच जण छातीठोक सांगतात. नाही.) त्या ‘लाइफ’ मासिकाच्या, जगातल्या मोठ्या फोटोग्राफर. मोजके फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी मिळाली, आणि त्यातून असा एक फोटो निघाला की त्यापुढे कनूभाईंचा कुठलाही एक फोटो ठेवला तर तो फिका पडतो. चौकटीत पुढे चरखा, मागे माणूस, एका बाजूने उजेड. ते चित्र लक्षात राहायलाच जन्माला आलंय.

पण पन्नास फोटो लागोपाठ बघा. बर्क-व्हाइट यांच्या फोटोत आपल्याला गांधी दिसतो. कनूभाईंच्या पन्नास फोटोंत एक घर दिसतं, ज्यात तो म्हातारा राहतो, आणि फोटो काढणाराही त्याच घरातला आहे. संध्याकाळी पत्रं लिहायला त्यालाच बसायचंय. हे कौशल्याने येत नाही, आणि फिल्मने तर नाहीच नाही. तिथे नुसतं असण्याने येतं. आणि अटींनी. त्या अटी कोणावर होत्या ते नीट बघा. अंधाराचा त्रास कनूला. उलट्या काचेचा त्रास कनूला. पैशाची ओढाताण कनूची. समोरच्या माणसाचं काम एक क्षणही अडायचं नाही.

आता माझ्याकडे येतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पवनारच्या अलीकडे एका शेतात वेचणी चालू होती. दिवाळी नुकतीच झालेली, ऊन तिरपं, कापूस फुटलेला. कमरेला ओटी बांधलेली एक मावशी मला दिसली, साठीच्या पुढची. चेहरा असा की कोणीही थांबून बघावं. मी परवानगी विचारली, ती हसून हो म्हणाली. तिथून माझा फिल्मवाला संयम सुरू झाला. तिपाई लावली. मीटर घेतला. ढग आला म्हणून थांबलो. ‘मावशी, हात तसाच बोंडावर ठेवा, हलू नका.’ मग फोकस. मग पुन्हा मीटर. सगळं धरून दहा-बारा मिनिटं. फोटो काढले तीन.

काढून झाल्यावर ती म्हणाली, ‘दाखव ना बाबू, कसा आला फोटू.’

मी म्हटलं, मावशी, यात दिसत नाही, धुवावा लागतो.

‘मंग कायचा क्यामेरा हाय हा!’

सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नाही की वेचणीची मजुरी किलोवर असते. मी ज्याला माझी सावकाशी म्हणत होतो त्या दहा-बारा मिनिटांचा कापूस तिच्या ओटीतून कमी झाला होता.

पुढचं ऐका. रोल धुतला फेब्रुवारीत, कारण बाराच्या बारा संपायला तेवढे दिवस लागले. फोटो उत्तम आला होता. एका प्रदर्शनात लागला. लोक येऊन म्हणाले, काय टोन आहेत, काय ग्रेन आहे, डिजिटलला हे जमणार नाही. एकाने कॅमेरा विचारला, दुसऱ्याने डेव्हलपर. ही कोण, असं कोणीही विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर मला तिचं नाव सांगता आलं नसतं. फोटोखालच्या पट्टीवर मी फिल्मचं नाव लिहिलं होतं.

मार्चमध्ये प्रिंट घेऊन गेलो. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. पहिलं वाक्य, ‘माही साडी हिरवी होती.’ दुसरं वाक्य मी विसरणार नाही. माझ्या फोटोवर झालेली ती सगळ्यात नेमकी टीका आहे. म्हणाली, ‘असा कापूस कोनी वेचते का?’

खरंच आहे. वेचणारीचे दोन्ही हात सतत चालतात, एक बोंड सुटेस्तोवर दुसऱ्यावर हात गेलेला असतो. एक हात बोंडावर ठेवून शांत नजरेने लांब बघणारी बाई शेतात नसते. ती कॅलेंडरवर असते. फिल्मवर काढल्यामुळे मला ते खरं वाटलं होतं, इतकंच.

तर मुद्दा असा. आम्ही फिल्मकडे परतलेले लोक बंधन पत्करतो असं म्हणतो, पण बऱ्याचदा ते बंधन पत्करतो समोरचा माणूस. रोल महाग आहे, बाराशेच्या घरात गेलाय, म्हणून फोटो वाया जाऊ नये, म्हणून तू हलू नकोस. गांधीजींची दुसरी अट आम्ही नेमकी उलटी केली आहे. फिल्म नव्हती तेव्हा मी माणसांना इतकं थांबवत नव्हतो! लग्नात तरी कुठे थांबवतो. वरमाईला ‘हलू नका’ म्हणून बघा. (हशा)

वर्ध्याच्या माणसाला हे खादीवरून चटकन कळेल. खादीचा जाडाभरडा पोत ही खादीची किंमत कधीच नव्हती. तो सूत कातणाऱ्या हातांचा परिणाम होता. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं ठरवलं, खादी महागेल हे ठाऊक असून, त्याची चर्चा इथेच वर्ध्यात झाली. म्हणजे विचारायचा प्रश्न हा होता की कापडामागच्या बाईला काय मिळालं. आता पोताचीच हौस असेल तर गिरणीसुद्धा तसा पोत काढून देते. फिल्मच्या ग्रेनचं तेच झालंय. तो मोबाइलच्या ॲपमध्ये फुकट मिळतो. आणि स्वदेशीचं म्हणाल तर उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल आमच्या आधीच्या पिढीने वापरला, तो कारखाना बंद पडला. आज आम्ही जी फिल्म घालतो ती इंग्लंडची, अमेरिकेची, नाहीतर चेकची.

प्रदर्शनांमध्ये अलीकडे एक पद्धत रुळली आहे. प्रिंटला फिल्मची काळी कड ठेवायची, कडेवरची कंपनीची अक्षरं आणि फ्रेमचा आकडा दिसेल अशी. मूळ कारण सांगतात ते चांगलं आहे : फोटो कापलेला नाही, जसा घेतला तसा आहे. पण आता ती कड सही-शिक्क्यासारखी वापरली जाते. बघा, हे फिल्मवर आहे, जरा आदराने बघा. अहो, कनूभाईंच्या अर्ध्या फोटोंत खांदे कापलेत. त्यांना कड दाखवायची कधी गरज पडली नाही.

म्हणजे फिल्म सोडा, असं मी म्हणतोय का? नाही. पण सावकाशी फिल्ममधून येते हा भ्रम सोडा, असं नक्की म्हणतोय. मुंबईच्या केतकी शेठ यांचं काम बघा. सिद्दी समाजावर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं, त्याचं ‘अ सर्टन ग्रेस’ हे कृष्णधवल पुस्तक २०१३ मध्ये आलं. ते फिल्मवरचं. आणि त्याच बाई पुढे डिजिटलकडे गेल्या, रंगीतकडे गेल्या. ‘फोटो स्टुडिओ’, २०१८. देशभरातले जुने, बंद पडत आलेले स्टुडिओ, रंगवलेले पडदे, प्लास्टिकची फुलं, खुर्च्या. आमची वाट जिथून सुरू होते तिथे त्या उलट्या दिशेने चालत गेल्या. ते फोटो बघताना मला कुठेही घाई दिसली नाही. शिवाय गंमत अशी, की ‘हलू नका’ हे वाक्य ज्या जागेत जन्मभर बोललं गेलं, त्या जागेचेच ते फोटो आहेत. तिथे माणूस हौसेने, तयार होऊन, पैसे देऊन स्थिर बसायला येत असे. शेतातल्या मावशीला ती हौस मी लावली. हा फरक मोठा आहे.

फिल्म मला अजून का आवडते तेही सांगतो, प्रामाणिकपणे. एक कारण अंधारखोलीचं आहे, त्याचं कलेशी काही देणंघेणं नाही. डेव्हलपर वीस अंशाला वापरायचा असं डब्यावर लिहिलेलं असतं. वर्ध्यात मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. मग बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या, थर्मामीटर धरून बसायचं, आणि घरचे विचारणार, सरबत करताय का. जास्त गरम द्रावणात फिल्म लवकर काळी होते, वेळ फार कमी केला तर डाग पडतात. हे सगळं करून ओली पट्टी उजेडात धरली की पोटात जे होतं ते होतंच. पण हा माझा आनंद आहे. बघणाऱ्याने त्याचे पैसे का मोजावेत, आणि समोरच्या माणसाने त्यासाठी उन्हात का उभं राहावं?

दुसरं कारण मात्र फोटोशी संबंधित आहे. फिल्मवर लगेच दिसत नाही. त्या न दिसण्याने माझी नजर पडद्याकडे न जाता समोर राहते. निदान राहायला हवी. मी काय केलं माहीत आहे? पहिली दोन वर्षं मी आधी मोबाइलवर फोटो काढून उजेड तपासायचो, चौकट ठरवायचो, आणि मग फिल्मवर तोच पुन्हा. म्हणजे आंधळेपणाचं जे एक बक्षीस होतं तेही मी स्वतःच परत करून टाकलं. नुसती कड उरली.

आता मी काय बदललं, असं कोणी विचारणार हे मला दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. तिपाई घरी ठेवतो. बसून काढतो. हललेले फोटो ठेवतो, बाराचे सात हलतात, कधी नऊ. त्या मावशीच्या शेतावर गेल्या हंगामात चार वेळा गेलो, दोनदा कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तिचं नाव आता मला ठाऊक आहे, पण ते इथे रेकॉर्डिंगवर घेणार नाही. तिने हिरव्या साडीतला रंगीत फोटो मागितला होता, तो मोबाइलवर काढून दिला. एका वाऱ्याने पदर तोंडावर आलेला होता, मी म्हटलं दुसरा काढू का. म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, हाच चांगला हाय.’ तो तिच्या घरी भिंतीवर आहे. फिल्मवरचा प्रिंट पेटीत ठेवलाय म्हणाली.

हलणाऱ्या हातांचा एकही बरा फोटो मला अजून मिळालेला नाही. सेकंदाच्या तिसाव्या भागाला हात पुसले जातात, सव्वाशेव्याला गोठतात. मधली गती आहे साठावी, तिथे एकदा जवळ गेलो होतो, पण बोंडं धूसर झाली आणि हात मात्र कोरडे, दगडासारखे. ही वेचणी संपत आली आहे. पुढच्या वेचणीत बघू.

थांबतो. वेळ झालाय आणि मागच्या रांगेतल्या ताईंनी केव्हाचा हात वर केलाय. त्यांना माइक द्या आधी.